आईंनी विचारलं, तिथे डाळ मिळते का?

नाशिकहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलून त्याचा सारांश देते.

दिवाळीच्या सुट्टीत त्या, त्यांचा नवरा, ११ आणि ६ वर्षांची दोन मुलं आणि ६८ वर्षांच्या सासूबाई सात रात्रींसाठी मॉरिशसला निघाले आहेत. नवऱ्याने समुद्रकाठच्या रिसॉर्टचं ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ पॅकेज घेतलं आहे. तिन्ही वेळचं खाणं-पिणं त्यातच, त्यामुळे ‘बाहेर खायचं नाही, एकदा पैसे भरलेत, पुन्हा कशाला?’ असं त्याचं म्हणणं. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, सोमवारचा उपवास. त्यांनी लाडू, चिवडा, थालीपिठाची भाजणी आणि छोटा इलेक्ट्रिक कुकर अशी यादी आतापासूनच फ्रिजवर चिकटवली आहे. पत्रलेखिकेला मात्र खाण्याची मनापासून आवड. मागे एका दुसऱ्या बेटावर गेले असताना सात दिवस एकाच रिसॉर्टच्या बुफेत पनीर आणि हाका नूडल्स खाऊन त्या परत आल्या. त्या लिहितात, ‘विमानात बसल्यावर लक्षात आलं, त्या देशातली माणसं काय जेवतात हे मला ठाऊकच नाही.’ यंदा तसं होऊ नये असं त्यांना वाटतं. पण नवऱ्याचे पैसे, मुलांचं पोट आणि सासूबाईंची पंचाईत हे सगळं समोर दिसतं. ‘आईंना खाकरा देऊन खोलीत बसवायचं आणि आपण मासे खायला जायचं, हे मला पटत नाही. मग गप्प बसून बुफे खावा का? माझी ही इच्छा स्वार्थी आहे का?’ असं त्यांनी विचारलं आहे. पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे: ‘आई परवा विचारत होत्या, तिथे डाळ मिळते का गं?’

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा या शेवटच्या ओळीवर थांबले. तुम्ही ती आईंच्या काळजीच्या यादीत टाकली आहे, कुकर आणि भाजणीच्या शेजारी. मला ती वेगळी वाटली. ज्या बाईला आपल्या डब्यापलीकडे काही नको असतं, ती ‘डाळ घ्यायची का’ असं विचारते. ‘तिथे मिळते का’ हा प्रश्न त्या जागेबद्दल आहे. आईंना कुतूहल आहे. तुम्ही त्यांना तुमच्या वाटेतली अडचण धरून सगळा विचार केलात, आणि त्यांना काय खावंसं वाटेल हे मात्र त्यांना अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.

आणि उत्तर ऐका: हो, मिळते. मॉरिशसमध्ये रस्त्यावर सर्वांत जास्त खाल्ला जाणारा पदार्थच डाळीचा आहे.

त्याला तिथे दालपुरी म्हणतात. पिवळ्या वाटाण्याची किंवा हरभऱ्याची डाळ हळद घालून बोटचेपी शिजवायची, पूर्ण निथळायची, कोरडी वाटायची, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ. डाळीच्या कटाचं पाणी कणीक भिजवायला वापरतात. मग पुरण भरावं तसं ते भरायचं आणि कागदासारखं पातळ लाटून मोठ्या तव्यावर भाजायचं. नाव पुरी असलं तरी तळत नाहीत. कुठल्याही मराठी बाईला पाहताक्षणी कळेल की ही तिखटामिठाची पुरणपोळी आहे, गूळ न घातलेली.

मी काही वर्षांपूर्वी मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईत, मध्यवर्ती बाजाराजवळ ती पहिल्यांदा खाल्ली. एका काचेच्या पेटीत पुऱ्यांची चळत कापडात गुंडाळून ठेवलेली, बाजूला तीन-चार पातेली. गाडीवरच्या बाईने दोन पुऱ्या तळहातावर अर्ध्या अर्ध्या सरकवून पसरल्या, कारण त्या नेहमी जोडीनेच विकतात. वर एक पळी मोठ्या पांढऱ्या दाण्यांची रस्सा-उसळ, आपल्याकडे पुण्यात जिला डबल बी म्हणतात तीच. त्यावर टोमॅटोचं दाटसर रूगाय, चमचाभर कोथिंबिरीची चटणी, आणि मग मिरचीचा डबा उघडून माझ्याकडे बघून एकच शब्द, ‘पिमां?’ मी मान हलवली. गुंडाळी कागदात गेली, कागदाचं टोक पिळलं गेलं, पुढचं गिऱ्हाईक. सगळं मिळून वीस सेकंद. माझ्यामागे सूट घातलेला बँकेतला माणूस उभा होता आणि त्याच्यामागे शाळेची पोरं. उभ्याउभ्याच खायचं, पुढे वाकून, नाहीतर उसळीचा ओघळ कोपरापर्यंत येतो. पुरी इतकी मऊ की दात लावायची गरज नाही आणि आत डाळीचं ते रवाळ, जिऱ्याचा वास असलेलं पीठ. त्या घासाला मला घराची आठवण झाली, आणि त्याच वेळी हेही कळलं की हे माझ्या घरचं नाही.

ते माझ्या घरचं का नाही, हे आईंना सांगण्यासारखं आहे. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. १८३४ पासून पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत करारावर बांधून हिंदुस्थानातून जवळजवळ पाच लाख माणसं पोर्ट लुईच्या बंदरात उतरली. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, भोजपुरी बोलणारी. त्यांच्या गावाकडे डाळपुरी आजही सणाला होते. दक्षिणेतून तमिळ आणि तेलुगू लोक गेले, आणि मुंबई बंदरातून कोकणातली आपली माणसंही गेली. त्यांचे वंशज आज तिथे मराठी म्हणूनच ओळखले जातात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. जहाजातून उतरल्यावर ही माणसं ज्या जागी थांबवली जात, तो आप्रवासी घाट पोर्ट लुईत बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा स्थळ ठरवलं. दगडी पायऱ्या अजून आहेत. आधी त्या बघा, मग बाजाराकडे या. डाळपुरी त्या पायऱ्यांवरूनच बेटावर आली.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाकडे येते. तुम्ही लिहिलंय, ‘आपण मासे खायला जायचं.’ बेट म्हटलं की स्थानिक जेवण म्हणजे मासे, हे तुम्ही धरूनच चालला आहात. त्यामुळे तुमची हौस आणि आईंचा शाकाहार एकमेकांच्या समोर उभे राहिले. मालदीवला निघाला असतात तर मी तुमच्याशी सहमत झाले असते. मॉरिशसचं तसं नाही. तिथल्या रस्त्यावरचं निम्मं खाणं शाकाहारीच आहे. गातो पिमां म्हणजे डाळीचे छोटे वडे, हिरवी मिरची आणि कांद्याची पात घातलेले. सकाळी ते लोणी लावलेल्या पावात घालून खातात, आपल्या वडापावाच्या नात्यातलंच. वांग्याची भजी, अळकुडीचे वडे, फराता म्हणजे पराठा, कोबी-गाजराचं मोहरी-हळदीतलं आचार. आणि दुपारी आलूदा: थंड दूध, सब्जा, समुद्री शेवाळापासून केलेल्या अगर-अगरची जेली. फालुद्याची धाकटी बहीण म्हणा. तुमच्या मुलांना तो नक्की आवडेल.

भाजीबाजारात आईंना घेऊन जाच. तिथले भाज्यांचे शब्द ऐकण्यासारखे आहेत. शेवग्याच्या पाल्याला ‘ब्रेद मुरूम’ म्हणतात. ब्रेद म्हणजे पालेभाजी आणि मुरूम तमिळ मुरुंगैवरून आलं. कोथिंबीर म्हणजे ‘कोतोमिली’, दोडका ‘पिपांगाय’, वांगं ‘ब्रँझेल’, भेंडी ‘लालो’, चटणी ‘सातिनी’. फ्रेंचवरून घडलेल्या तिथल्या क्रिओल बोलीच्या पोटात तमिळ आणि भोजपुरी शब्द असे मिसळून गेलेत. आईंना भाषा येणार नाही, पण त्या एकेक जुडी उचलून पाहतील आणि समोरची बाई नाव सांगेल. इतकं पुरतं.

आता पैशांबद्दल. तुमचे यजमान चुकीचं बोलत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. दोन मुलं आणि एक ज्येष्ठ सोबत असताना तिन्ही वेळा ‘काय खायचं, कुठे, कितीला’ हे ठरवत बसायचं नाही, यात मोठी विश्रांती आहे. त्यांनी ती विश्रांती विकत घेतली, बहुधा तुमच्यासाठीही. पण ‘पैसे भरलेत म्हणून तिथेच खाल्लं पाहिजे’ हे गणित मला पटत नाही. भरलेले पैसे तुम्ही बुफेत जेवलात तरी गेले, न जेवलात तरी गेले. मग प्रश्न इतकाच उरतो: एका दुपारचं जेवण बाहेर घेतलं तर वर किती लागतील? डाळपुरीच्या बाबतीत उत्तर असं की पाच जणांचं पोट भरायला रिसॉर्टमधल्या एका कॉकटेलच्या किमतीपेक्षा फार जास्त जाणार नाही. मॉरिशियन रुपया आपल्या दोन रुपयांना थोडा कमी पडतो, असा हिशोब डोक्यात ठेवा.

आधी मात्र एक फोन करा. तुमचे पूर्ण पैसे भरून झाले नसतील आणि बदल करायची मुदत शिल्लक असेल, तर एजंटाला ‘हाफ बोर्ड’चा भाव विचारा, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण आत, दुपार मोकळी. मॉरिशसमध्ये बहुतेक मोठी हॉटेलं तो पर्याय देतात. दोन भावांतला रोजचा फरक काढा, त्याला सात रात्रींनी गुणा आणि तो आकडा यजमानांसमोर ठेवा. आई मद्य घेणार नाहीत, मुलं घेणार नाहीत. ऑल इन्क्लुझिव्हमधल्या ज्या गोष्टीचे सर्वांत जास्त पैसे लागतात ती पाचांपैकी तिघांच्या कामाचीच नाही. कदाचित वाचलेल्या पैशांत सगळ्या दुपारी बाहेर निघतील. मुदत गेली असेल तर विषय तिथेच सोडा आणि पॅकेजवरून घरात वाद घालू नका. फिरायला जाण्याच्या दिवशी दुपारच्या जेवणाऐवजी बांधून डबा मिळतो का, हे हॉटेलला आदल्या रात्री विचारायचं. पुष्कळ ठिकाणी देतात. म्हणजे बाहेर काही जमलं नाही तरी मुलं उपाशी राहणार नाहीत.

यजमानांशी बोलताना ‘बुफे कंटाळवाणा असतो’ इथून सुरुवात केलीत तर त्यांना ते स्वतःवरच आल्यासारखं वाटेल. त्यापेक्षा थेट आकडा मांडा: ‘सात दिवसांत आपण वीसेक वेळा जेवणार. त्यातले चार वेळा बाहेर खाऊ, बाकी सगळं हॉटेलात.’ चार हा आकडा मी मुद्दाम धरला आहे. त्याहून कमी केलंत तर एखादा पावसात जातो, एखादा मुलांच्या झोपेत, आणि हातात काही राहत नाही. नोव्हेंबरपासून तिथे पावसा-वादळाचा मोसम सुरू होतो, हेही लक्षात असू द्या.

हे चार घास कुठले, याबद्दल माझं मत सांगते.

पहिला, पोर्ट लुईची सकाळ. आप्रवासी घाट, बाजार, डाळपुरी, आलूदा. आठवड्याच्या वारी जा, लवकर जा. रविवारी बाजार दुपारच्या आतच आवरतो, आणि संध्याकाळी ते शहर एकदम रिकामं होतं. डाळपुरी ही सकाळ-दुपारची गोष्ट आहे, रात्रीच्या जेवणासाठी शोधत फिरू नका.

दुसरा, आईंचा सोमवार. सोमवारी उपवास, मग बाहेर कशाला, असं वाटेल. पण माहेबूर या आग्नेय किनाऱ्यावरच्या गावाचा मोठा बाजार सोमवारीच भरतो. तिथे केळी आहेत, अननस आहे, शहाळी आहेत, रताळी आहेत, आणि उकडलेल्या शेंगांच्या पुड्या मिळतात, मिठाच्या पाण्यात शिजवलेल्या. उपवासाला यापेक्षा काय हवं? अननस तिथे उभा सोलून, डोळे तिरके कापून, देठ धरून हातात देतात. मुलांना आवडत असेल तर मीठ-मिरची लावून. शिवाय सोमवारच आहे, तर गंगा तलावाचाही विचार करा. दक्षिणेच्या डोंगरात तळं आहे, काठावर शंकराचं मंदिर आणि १०८ फुटी उंच मूर्ती. उंचावर असल्याने तिथे गार वारा आणि भुरभुर असते, आईंची शाल सोबत घ्या. दोन्ही एका दिवसात करायचं तर भाड्याची गाडी लागेल. टॅक्सीत मीटरवर फारसं कुणी चालत नाही, म्हणून दिवसाचा भाव बसण्याआधी ठरवा.

तिसरा, घरगुती जेवण. मॉरिशसमध्ये काही कुटुंबं स्वतःच्या घरात पाहुण्यांना पैसे घेऊन जेवू घालतात, त्याला ‘ताब्ल दोत’ म्हणतात. शामारेलच्या डोंगराळ भागात आणि उत्तरेला गाँ बेच्या बाजूला अशी घरं सापडतात. एक-दोन दिवस आधी सांगावं लागतं आणि हीच त्यातली चांगली गोष्ट आहे, कारण ‘एक बाई मांस, मासे, अंडं काहीही खात नाहीत’ हे स्वयंपाकाआधी सांगता येतं. मग मसूर किंवा वाटाण्याची डाळ, भोपळ्याची भाजी, ब्रेदची पातळ भाजी, भात, चटणी असं ताट समोर येतं. आईंना त्यांच्याच वयाची एखादी बाई वाढायला असेल. दोघींना एकमेकींचं बोलणं कळलं नाही तरी ताट कळेल. हिंदी तिथे बऱ्याच लोकांना समजते, ते वेगळंच.

आणि चौथा फक्त तुमचा. पाचही जणांनी प्रत्येक गोष्ट एकत्रच केली पाहिजे, हेही तुम्ही गृहीत धरलं आहे, आणि माझ्या मते स्वार्थाचा प्रश्न तिथूनच आला. एका संध्याकाळी आई आणि मुलं रिसॉर्टमध्ये आरामात जेवतील, मुलं तर तिथल्या आइस्क्रीमच्या काउंटरवरून हलायची नाहीत. तुम्ही दोघं किनाऱ्यावरच्या साध्या हॉटेलात जा आणि माशाचं विंदाय मागवा: तळलेला मासा मोहरी, हळद, लसूण, व्हिनेगर आणि अख्ख्या मिरच्यांत मुरवलेला. गोव्याचं विंदालू आणि हे विंदाय, दोन्ही नावं पोर्तुगिजांच्या लसूण-वाइनच्या एकाच जुन्या पदार्थावरून आली. चव मात्र मोहरीमुळे साफ वेगळी, मुरलेल्या लोणच्याकडे झुकणारी. यजमानांना घेऊन जाच, कारण त्यांनाही कुणीतरी पॅकेजच्या हिशोबातून बाहेर काढून जेवायला नेलं पाहिजे. ते नाहीच म्हणाले तर दुपारी एकट्या जा. ४० वर्षांच्या बाईने तासभर एकटीने जेवायला जाण्यात कुणाचंही काही हिरावलं जात नाही. आईंना सांगून जा, चोरून नको. ‘आई, मी आज मासे खाऊन येते’ एवढं सरळ वाक्य पुरे. तुम्ही घरी मासे खाता हे त्यांना ठाऊक असणारच.

शाकाहाराबद्दल सावधगिरीचं थोडं सांगते, कारण हे पत्र वाचणाऱ्या बऱ्याच घरांना ते लागेल. डाळपुरी आणि गातो पिमां यांची काळजी नाही. काळजी आहे ती चिनी पद्धतीच्या पदार्थांची, आणि तेही बेटावर फार लोकप्रिय आहेत. मीन फ्री म्हणजे परतलेल्या नूडल्स. ‘व्हेज’ म्हटलं तरी त्यात अंडं किंवा माशाचं सॉस असू शकतं. बुलेत म्हणजे वाफवलेले गोळे. चायोतीचे, म्हणजे एका पांढरट-हिरव्या फळभाजीचे असले तरी त्यात सुकट घालतात. समोसे चिकनचे आणि माशाचेही असतात, दिसायला सारखेच. ‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून थांबू नका, एकेक नाव घ्या: ‘सां लाव्यान, सां प्वासों, सां दिझेफ’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, अंडी नकोत. एका चिठ्ठीवर लिहून आईंच्या पर्समध्ये ठेवा. तळण्याचं तेल वेगळं आहे का, हे आईंना महत्त्वाचं असेल तर तेही विचारा, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर तिथे भाजलेलं खा, तळलेलं सोडून द्या.

मुलांच्या पोटाची भीती खरी आहे, पण ती रस्त्यालाच चिकटवू नका. समोर तव्यावरून उतरलेली पुरी ही बुफेत दोन तास कोमट राहिलेल्या भातापेक्षा मला जास्त भरवशाची वाटते. जिथे स्थानिक लोकांची रांग आहे तिथे उभं राहायचं. मुलांची पुरी चटणीविना, उसळ गरम असेल तरच. मिरचीला हात लावू देऊ नका; तिथली मिरची आपल्या लवंगीला मागे टाकते, आणि ‘थोडी’ म्हणजे किती हे गाडीवाली ठरवते. पाणी बाटलीचं. ओआरएसची चार पाकिटं बॅगेत असू द्या, लागली नाहीत तर परत आणा.

आईंच्या यादीबद्दल. कुकर राहू द्या, हॉटेलच्या खोलीत शिजवायला परवानगी नसते आणि धुराची घंटा वाजली तर आईंनाच ओशाळल्यासारखं होईल. किटलीतल्या गरम पाण्याने होणारा उपमा, पोहे पुरतात. भाजणी न्यायची असेल तर बंद पाकिटात. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, लिंबं, पेरायचं बी असं काही नेऊ नका. शेतीच्या रोगराईमुळे तिथे त्याबद्दल कडक नियम आहेत, आणि तिथे प्रवेशासाठी भरायच्या फॉर्ममध्ये खाण्याचे पदार्थ असतील तर तसं लिहा. पण लाडू-चिवड्याचा डबा कमी करू नका, उलट थोडा वाढवा. दिवाळी तिथेही सार्वजनिक सुट्टीची आहे. घरोघरी गातो पातात होतात: उकडलेलं रताळं मैद्यात मळून त्याची पारी, आत गोड खोबरं आणि वेलची, अर्धगोल दुमडून तळायचं. आई बघतील तेव्हा त्यांना करंजीच वाटेल. शेजारीपाजारी ताटं जातात तशी तिथेही जातात. तुमची खोली आवरणारी बाई, गाडीचा चालक यांना आईंच्या हातून चार लाडू आणि मूठभर चिवडा कागदात बांधून द्या. त्या डब्याचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. बदल्यात एखादा गातो पातात मिळाला तर तोही खाऊन होईल, कुठलंही हॉटेल शोधावं न लागता.

एक जपून राहण्यासारखी गोष्ट. आपल्याकडच्या माणसांना तिथे गेल्यावर सारखं म्हणावंसं वाटतं, ‘अरे, हे तर आपलंच!’ आनंदाने म्हणायला हरकत नाही. पण डाळपुरीवालीला ‘आमच्याकडे यात असं घालतात’ हे सांगू नका. तिच्या घरात हा पदार्थ पाच-सहा पिढ्या त्या बेटावर झाला आहे. त्यावर रूगाय पडलं ते क्रिओल, म्हणजे मुख्यतः आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांच्या, स्वयंपाकघरातून आणि शेजारच्या गाडीवर चिनी नूडल्स होत्या. आज ती पुरी मॉरिशसची आहे. मुलांना हे आवर्जून सांगा, ११ वर्षांच्या मुलाला ते नीट समजतं.

आता आजच एक काम करा. संध्याकाळी आई निवांत बसल्या असतील तेव्हा शेजारी बसून म्हणा, ‘आई, तुम्ही विचारत होतात ना, तिथे डाळ मिळते का? मिळते म्हणे. रस्त्यावर डाळ भरलेली पुरी मिळते. एके दिवशी सकाळी जाऊन खाऊ या का आपण?’ आणि मग थांबा, त्यांना बोलू द्या. नको म्हणाल्या तर नको, तुमचा चौथा घास तसाही तुमचाच आहे. पण मला वाटतं त्या आधी विचारतील, ‘तेल कुठलं वापरतात?’ आणि मग, ‘किती वाजता निघायचं?’

बाजाराचा दिवस ठरवाल तेव्हा मात्र पुढे काही ठेवू नका. शेवग्याच्या पाल्याची जुडी दिसली की आई भाव विचारणार, भोपळा वाजवून बघणार, आणि त्या बाईकडून तो तिथे कसा करतात हे हातवाऱ्यांनी काढून घेणार. तुम्ही मुलांना आलूदा घेऊन द्या आणि सावलीत उभ्या राहा.